मिस्त्री आणि शेठजींचा मुहूर्त

कारंजा गावच्या कापसाच्या जिनिंगात बॉयलरला तेलाचा बर्नर बसवायला एक मिस्त्री आला, तेव्हा मी तिथे कारकून होतो. तेलाच्या नळीचा प्रत्येक सांधा तो बोटाने पुसायचा, बोट हुंगायचा आणि नळीलाच विचारायचा, "काहून रडून राह्यली वं?"

मुहूर्ताला शेठजी नारळ घेऊन आले, तरी एक सांधा पाझरतच होता. पलीकडे कापसाची गंजी होती.

"पेटव, मुहूर्त टळून राह्यला," शेठजी ओरडले.

मिस्त्रीने नळीच खोलून हातात घेतली. "मुहूर्त उद्या बी भेटन. कापूस जयला त मंग?"

शेठजींनी त्याला तिथेच कामावरून काढलं. ते ऐकलं न ऐकल्यासारखं करून त्याने दुपारपर्यंत सांधा पक्का केला, बर्नर पेटवला आणि निघून गेला.

संध्याकाळी शेठजी पाहुण्यांना सांगत होते, "मुहूर्त साधला, म्हनून पयल्याच काडीले पेटला."

मी मान डोलावली.