मुलाखतीतला सत्कार

मुलाखतीला मी एकटीच जाणार होते. तेलगावहून एसटीने बीड, स्टँडवरून रिक्षा, आणि दुपारपर्यंत परत. जेवताना हे सांगितलं तर नाना म्हणाले, "एकटी कावून? आमी मेलोत का?"

नाना म्हणजे माझे मोठे चुलते, गावचे माजी सरपंच. ऑफिसात एकट्या माणसाचं काम होत नाही, मागे माणसं उभी लागतात, हे त्यांचं आयुष्यभराचं मत.

बीडच्या एका संस्थेला उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींची पाहणी करायला इंटर्न हवे होते. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होते. कुणालाही न विचारता अर्ज भरला आणि चक्क बोलावणं आलं. आजवर मला जे मिळालं होतं, शाळेतला प्रवेश काय, हॉस्टेलची खोली काय, ते नानांच्या एखाद्या फोनने मिळालं होतं. ही एक गोष्ट मला माझ्या बळावर हवी होती.

आत्मविश्वासाचे व्हिडिओ पाहिले. खांदे मागे, नजर समोर. मम्मीच्या कपाटाच्या आरशापुढे "टेल अस अबाउट युवरसेल्फ"चं उत्तर रोज घोकलं. नाना बाहेरून ऐकायचे. "इंग्लिश शाळेत घातली ही," ते पप्पांना म्हणाले, "मराठीत कुणाला बोलंना, अन् इंग्लिश नुसतं आरशाला सांगती." मलाही हसू आलं. खोटं नव्हतं ते.

शेवटी नाना, पप्पा आणि मी असे तिघं गाडीने निघालो. बीडच्या बाजारात नाना उतरले आणि एक पिशवी घेऊन आले. काय आहे, असं मी विचारलं नाही. मी फारसं विचारत नाही.

आत एक मॅडम आणि एक तरुण सर बसले होते. माझं घोकलेलं उत्तर लवकर संपलं. मग मॅडम माझा अर्ज बघत मराठीत म्हणाल्या, "घरची विहीर आहे ना तुमची? तिच्याबद्दल सांगा."

मी सांगू लागले. आमची विहीर आणि शेजाऱ्यांची विहीर, मध्ये फक्त बांध. आमची मोटर चालली की त्यांचं पाणी उतरतं, असं शेजारी म्हणतात. नाना म्हणतात, थापा मारतात. शाळेच्या सुट्टीत घरी आले की मी मोटर सुरू व्हायच्या आधी आणि नंतर दोन्ही विहिरींत डोकावायचे, कुठली पायरी उघडी पडली ते बघायचे. बोलता बोलता खांद्यांचं विसरले. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मग? कोण खरं निघालं?"

तेवढ्यात दार उघडलं. पुढे नाना, मागे पप्पा. पिशवीतून शाल निघाली, नारळ निघाला.

"म्याडम, तुमी आमच्या भागात पाण्याचं काम करताव. सत्कार केल्याबिगर आमाला जाता येत न्हाई."

आमच्याकडे तहसीलदार नवा आला तरी सत्कार, बदलून गेला तरी सत्कार. आदर दाखवायची नानांना हीच रीत ठाऊक. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. मॅडम अवघडून उभ्या राहिल्या. पप्पांनी मोबाइलवर फोटो काढला. सर हसू दाबत टेबलाकडे बघत होते.

"पोरीकडं ध्यान असू द्या," नाना जाता जाता म्हणाले. "लई हुशार हाय. बोलत न्हाई एवढंच."

ते गेले. मॅडमनी शाल काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "हं. कोण खरं निघालं?"

त्यांना अजूनही ऐकायचं होतं. हेच मला सगळ्यात जास्त लागून राहिलं आहे. शेजारी खरे निघाले होते, एवढंच सांगायचं होतं. पण मला वाटलं, आता मी काहीही बोलले तरी ते शालीच्या खात्यावर जमा होणार. निवड झाली तर नानांमुळे, नाही झाली तरी नानांमुळे. माझं तिथं काही उरलंच नाही.

"दॅट्स ऑल, मॅम," मी म्हणाले.

त्यांनी पेन परत उचललं. मग थँक यू म्हणाल्या.

परतताना नाना खूश होते. "काम झालं समज. फोटोत हसल्यात बघ म्याडम." वडवणी यायच्या आत त्यांनी तो फोटो स्टेटसला लावला, खाली "निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन". दिंद्रुडहून आत्याचा फोन आला, पेढे कधी? मी खिडकीबाहेर बघत राहिले.

काही दिवसांनी मेल आला. निवड झाली नव्हती.

"शाल हलकी पडली," नाना कळवळून म्हणाले. "थांब, आमदारसाहेबांच्या पीएला फोन लावतो."

"नको, नाना!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. नानांनी मोबाइल खाली घेतला. "बरं बाई. नको तर नको." त्यांचा चेहरा उतरला होता.

संध्याकाळी पप्पा अंगणात गाडी पुसत होते. मी जवळ गेले तसे म्हणाले, "विहिरीचं सांगत होतीस तिथं. बाहेर ऐकू येत होतं."

"नानांना पण?"

"दादा फोनवर होता. मी ऐकलं." ते काच पुसत राहिले. "चांगलं चाललं होतं तुझं. दादाला म्हणणार होतो, जरा थांब म्हणून."

"मग?"

"म्हणलो न्हाई."

मी दुसरं फडकं घेतलं आणि पलीकडची काच पुसायला लागले. पुढे आम्ही दोघं काही बोललो नाही. आम्हाला ते सोपं जातं.