सोनेरी कपाटातल्या काळ्या गोळ्या

शकूशी माझी ओळख भांडणानं झाली. नायगावात आमच्याकडे मे महिन्यात मासळी सुकवायला पोत्यानं मीठ लागायचं, आणि ते खाडीकाठच्या मिठागरावरून टोपलीत घालून शकू आणायची. मी म्हटलं, "मीठ ओलं आहे. मला पाणी विकतेस काय?" तिनं टोपली खाली ठेवली. एक खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि एक स्वतःच्या जिभेवर. "कालचं हाय. बांधाकडच्या वाफ्यातलं, दुसऱ्या खेपेचं. पानी कवाच निथललं." मला विचाराल तर तो खडा खारट होता, बस. शाळेत अकरा वर्षं पोरांना दरडावणारी मी आल्बिना टीचर, त्या दिवशी निमूट पैसे मोजले.

पुढे कळलं, की तिच्या नवऱ्याचं, काळूरामाचं, अख्खं मिठागर या जिभेवर चालत होतं. खाडीचं पाणी पहिल्या तळ्यात घ्यायचं, उन्हानं ते आटलं की पुढच्या वाफ्यात सोडायचं, मग त्याच्या पुढच्या. कधी सोडायचं ते शकू ठरवायची. वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून ती बोट बुडवायची, जिभेला लावायची आणि हात वर करायची. तिनं हात वर केला की काळूराम दोन वाफ्यांमधला मातीचा बांध फोडायचा. आठव्या वर्षापासून ती हेच करत आली होती. तिच्या हातचं कालवण मी एकदाच खाल्लं आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्याले.

एकोणऐंशीच्या दिवाळीत काळूरामाचे पाय सुजले. खाऱ्या पाण्यात उभा राहणारा माणूस, पाय सुजायचेच, असं म्हणून सगळ्यांनी ते उडवून लावलं. मग तोंड सुजलं. कंबर धरली. भर दुपारी वाफ्यात उभा असतानाही गुडघ्याखाली पाय गार, असं तो सांगायचा. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला कोणीतरी हवं म्हणून शकू मला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. रक्त धुणारं मशीन आहे, पण तुमचा नंबर लागणार नाही. औषध असं नाही. मीठ पूर्ण बंद आणि पाणी मोजून.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा काळूराम हसला. "बाई, त्यांना सांगा, मी मीठच पिकवतो."

जिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की फार तर चार महिने काढेल. शकूनं ते माझ्या तोंडावरच वाचलं. माझा दंड धरून म्हणाली, "बाई, मना कायपन करायला सांगा. आगीवर चालायला सांगा. फक्त काय करू नको असं सांगू नका."

आणि तिनं खरंच काही सोडलं नाही. विरारला जाऊन जीवदानीच्या पायऱ्या अनवाणी चढली. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात नवऱ्याला बसवून आणलं. वैद्याचे काढे झाले. मी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नऊ दिवसांची नोव्हेना धरली, तर तीही डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर येऊन बसली. काळूरामाचं जेवण मात्र दिवसेंदिवस कमी होत गेलं. अळणी भात, अळणी बोंबील. दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. त्या घरात मिठाचा ढीग अंगणात होता आणि आत माणूस चवीवाचून मरत होता. मला तर देवाचाही राग यायला लागला होता.

त्याच रागात मी माझ्या धाकट्या भावाला, फर्डिनंडला, पत्र लिहिलं. तो बोटीवर खानसामा होता. सिंगापूरचा एक म्हातारा चिनी त्याचा वरिष्ठ होता, आणि हा म्हातारा सगळ्या खलाशांना जडीबुटी देतो, असं फर्डिनंड नेहमी सांगायचा. मी पत्रात सगळं लिहिलं: सूज, कंबर, गार पाय, लघवीचा त्रास. जानेवारीत फर्डिनंड रजेवर आला तो लाल खोके घेऊनच. खोक्यावर सोनेरी कपाटाचं चित्र होतं आणि आत मिऱ्यांएवढ्या काळ्या गोळ्या.

"बाई, ह्या तं शेलीच्या लेंड्या," शकू म्हणाली. तिच्या तोंडून थट्टा ऐकून किती महिने झाले होते!

मी ओसरीवर बसून चिठ्ठीतलं इंग्रजी वाचून दाखवलं. अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकाच्या पोथीतला पाठ आहे, त्या पोथीलाच सोनेरी कपाट म्हणतात. आठ वस्तू आहेत. त्यातली दालचिनी मला कळली, एक कसलासा कंद कळला, बचनागही होता, विष काढून शुद्ध केलेला. बाकीच्या मुळ्या नि साली कोण जाणे कुठल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, की माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या मध्ये एक विस्तव असतो. तो अंगातलं पाणी तापवतो, वर चढवतो, सगळीकडे फिरवतो. विस्तव मंदावला की पाणी खाली साचतं. पाय सुजतात, गार पडतात, कंबर धरते. या गोळ्या मूत्रपिंडांना ऊब देतात, बळ देतात.

काळूराम भिंतीला टेकून ऐकत होता. तो ताठ झाला. "म्हंजे ऊन नाय तं मीठ नाय," तो म्हणाला. "पानी नुसतं साचून ऱ्हातं. बाई, ह्या चिन्याला आपलं काम ठावं हाय." मुंबईच्या डॉक्टरांचं एक अक्षर त्याला पटलं नव्हतं, आणि हे मात्र लहान मुलाला पटावं तसं पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटची ओळ घेण्याच्या पद्धतीची होती. आठ गोळ्या, दिवसातून तीन वेळा, हलक्या मिठाच्या कोमट पाण्याबरोबर. मीठ औषधाला मूत्रपिंडांपर्यंत नेतं, असं लिहिलं होतं.

मी थबकले. शकूही थबकली. "डॉक्टर तं मीठ नको बोलले."

इथं मी जे केलं ते सांगायलाच हवं. मला डॉक्टरांना विचारता आलं असतं. मनात आलं, ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही त्याला कशाला विचारायचं? साध्या पाण्याबरोबर दे, असंही म्हणता आलं असतं. पण माझ्या अंगात मास्तरीण होती. कागदावर लिहिलंय म्हणजे तसंच करायचं. मी म्हटलं, "हलकंच लिहिलंय गं. जिभेला जेमतेम कळेल इतकंच घाल."

"जिभेला कलेल इतकं," शकूनं मान डोलावली. एवढी साधी गोष्ट तिला दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती मला रस्त्यात भेटली. चेहरा उजळलेला. "बाई, जेवले! गोल्या घेतल्यावर आनखी पेलाभर मागून प्याले. पानी गोड लागतं बोलतात." आम्ही दोघी भर रस्त्यात रडलो. मी देवळात जाऊन मेणबत्ती लावली. त्या आठवड्यात शाळेत तपासणी होती, म्हणून मला मिठागराकडे फिरकता आलं नाही.

रविवारी देवळातली मिस्सा आटोपून गेले तेव्हा काळूराम खांबाला टेकून बसला होता. आडवं होता येत नव्हतं. डोळे सुजेत बुडाले होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत पाणी बुडबुडत होतं. शकू त्याच्या ओठांना पेला लावत होती. "घ्या, घ्या, आता उतरेल," असं एकसारखं म्हणत होती. मला कसलीशी शंका आली. मी तिच्या हातून पेला घेतला आणि घोट घेतला.

समुद्र होता तो. मी अंगणात जाऊन थुंकले. जिभेला जेमतेम कळेल इतकं मीठ तिनं इमानानं घातलं होतं, फक्त जीभ तिची होती. सहा दिवस, दिवसातून तीन पेले, आणि वर त्यानं मागितलेले वेगळे. आणि मी तिला काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं, "गोळ्या राहू देत. आधी हॉस्पिटल." टेम्पो मिळेपर्यंत ऊन चढलं. खाडीचा पूल यायच्या आधीच काळूराम शकूच्या मांडीवर गेला.

दिवसकार्य उरकल्यावर ती माझ्याकडे आली. कपाळ मोकळं, आवाज बसलेला. चहाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "बाई, एक इचारायचं व्हतं. पानी फिकं पडलं का? मीठ कमी पडलं म्हनून औषध पोचलं नाय का?"

मला तिचं तोंड बघवेना. मी म्हटलं, "नाही गं. तुझ्याकडून काहीच चुकलं नाही."

तिनं मोठा सुस्कारा सोडला. "मंग बरं झालं. बलीरामाचे पाय सुजलेत आठ दिवस. उरलेल्या गोल्या त्याला आज सकाली चालू केल्या. ह्या खेपेला मीठ जरा वाढवलं." बळीराम म्हणजे काळूरामाचा सख्खा धाकटा भाऊ.

मी उठून उभी राहिले. "शकू, मीठच जास्त झालं," मी म्हटलं. "त्या मिठानंच सूज चढली. मी त्या दिवशी पेल्यातलं चाखलं होतं."

"नाय. तुमी बोललाव तितकंच घातलेलं."

मी स्वयंपाकघरात गेले. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ ढवळलं आणि आधी स्वतः चाखलं. खारट लागलं. मग पेला तिच्या हातात दिला. तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. "ह्यात मीठ हाय कुठं?"

"आहे शकू. मला खारट लागतंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा घोट घेतला. मग डोळे मिटून तो पेला थेंबथेंब करत संपवला, मीठ शोधत. रिकामा पेला तिनं खाली ठेवला. तशीच तडक ती बाहेर पडली आणि मी तिच्या मागून धावले.

बळीराम दारातच बसला होता, दुपारच्या गोळ्या हातात घेऊन. शकूनं त्याच्यापुढचा तांब्या उचलला आणि अंगणात ओतला. शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर ती मोठ्यानं म्हणाली, "हे नको पिऊस. ह्या पान्यानंच तुझा भाऊस गेला. मी पाजलं. मीच मारला त्याला." आणि तिथंच मातीत बसली.

डॉक्टर म्हणतील, तो तसाही जाणारच होता. जाऊ दे डॉक्टर. त्या चार महिन्यांसाठी तर ती अनवाणी वणवण फिरली होती. बळीराम माझ्याकडे बघू लागला, बायका माझ्याकडे बघू लागल्या. जिभेला कळेल इतकं, हे शब्द माझे होते. वर्गात चाळीस पोरांसमोर चढणारा माझा आवाज तिथं फुटलाच नाही. मी पायाखालची माती बघत उभी राहिले आणि रडत राहिले.

संध्याकाळ व्हायच्या आत शकू उठली, तोंडावर पाणी मारलं आणि मला घरापर्यंत सोडायला आली. मी नको म्हणत होते तरी आली. आमच्या फाटकाशी आल्यावर तिनं पदरानं माझे डोळे पुसले.

"तुमी नका रडू बाई," ती म्हणाली. "तुमी बरोबरच सांगितलेलं."