मायची मूठ

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलो. चिंचेवरची हडळ, पांदीतला पांढरा माणूस... आपला विश्वास नट-बोल्टावर. जिंतूरच्या कापूस-जिनिंगमध्ये इंजिनावर काम केलेला माणूस मी, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मनसोक्त टिंगल करायचो. तरी हे लिहितोय, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. हैदराबादला निघून गेलेल्या एका अंमलदाराची जुनी मोटार मी हौसेनं घेतली होती. पावसाळाभर ती घरामागं पत्र्याखाली उभी राहिली आणि मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक गंजून जाम झाला. आतल्या पट्ट्या ड्रमला अशा चिकटल्या की चाक तसूभर हलेना. सवडीनं बघू म्हणून मीही निवांत होतो.

अशात एका सकाळी वालूरहून दाजींचा माणूस बसनं आला. माझी धाकटी बहीण गंगू आदल्या दिवसापासून अडली होती. मूल आडवं होतं आणि ती सारखी मायला बोलवत होती. आमची माय धनगराची लेक. अडलेल्या मेंढ्या सोडवता सोडवता तिचा हात इतका बसला होता की गावातल्या बायाही तिलाच न्यायच्या. आडवं मूल फिरवणं तिच्या हातचा मळ. पण परतीची बस थेट दुसऱ्या दिवशी, आणि बैलगाडीनं जायचं तर रात्र झाली असती. राहिली ती मोटार.

मी जॅक लावला, चाक काढलं, ड्रमच्या फटीत रॉकेल ओतलं, हातोडीनं चौफेर ठोकलं. दाजींच्या माणसानं पहार लावून बघितली. दुपार झाली तरी ड्रम ढिम्म. गंगूला मी खांद्यावर घेऊन वाढवलेलं... मी परत हातोडी उचलली.

तोवर बाजूला बसलेली माय उठली. "सरक. लय ठोकलंस," म्हणाली. तिनं उजवा तळवा ड्रमवर ठेवला, गाभण मेंढीच्या पोटावर ठेवावा तसा, आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. आत बारीक 'कट्' झालं – आणि ड्रम आपोआप फिरला. सावकाश, पूर्ण एक फेरा.

ऊन होतं तोवरच आम्ही वालूर गाठलं. वाटभर माय हात पदराखाली धरून बसली होती. गंगू जिवंत होती. माय आत गेली आणि लगेच दारात परत आली. उजवा हात माझ्यापुढं धरला. बोटं आत वळून मूठ घट्ट आवळलेली.

"उघडून दे रे. बिगी बिगी."

मी आणि दाजींनी तेल चोळलं, गरम पाणी ओतलं, जोर लावला. एकही बोट उलगडलं नाही. मग माय डाव्या हातानं करून बघते म्हणून आत गेली. त्या हाताला ते काम ठाऊक नव्हतं. दिवेलागणीला गंगू गेली. मूलही गेलं.

पुढं परभणीच्या डॉक्टरांनी मायचा हात तपासला. लकवा नाही, हाड-शीर सगळं शाबूत. रॉकेल उशिरा मुरलं असेल, हे मी स्वतःला कितीदा समजावलंय. पण त्या मुठीचं काय? माय बरीच वर्षं जगली, मूठ शेवटपर्यंत उघडली नाही.

ड्रमवर हात ठेवून काय पुटपुटलीस, असं मी तिला एकदाच विचारलं.

"म्हणलं, माझं काय लागंल ते घे, पर मला पोरीपशी पोचीव," ती म्हणाली. मग मुठीकडं बघत बसली. "पोचीवलं की."