भर उन्हात बंद पडलेलं सोलर

बाग सेवनिया वस्तीतल्या विजयराव मुळ्यांनी गच्चीवर सोलर बसवलं तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेला माणूस. जन्मभर सरकारच्या नावानं बोटं मोडली आणि म्हातारपणी पडला सरकारच्याच प्रेमात! वीज घरची, उरली तर सरकार घेणार, वर अनुदान. त्यात मंजूषाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागायचं. आता ते कधीच बंद पडणार नाही म्हणून गडी नुसता हवेत. जुना इन्व्हर्टर भंगारवाल्याला देऊनसुद्धा टाकला. आधी कुणाला विचारायचं तरी!

मे महिन्यात, ऐन दुपारी लाइट गेली आणि मशीन बंद पडलं.

विजयराव गच्चीवर धावले. पॅनेल लखलखत होते. खाली मात्र पंखासुद्धा हलेना, आणि मंजूषाताई उशांना टेकून धापा टाकत होत्या. अडीअडचणीला ठेवलेला छोटा सिलिंडर विजयरावांनी जोडला. त्याचाही काटा जवळजवळ तळाला. मग सोलर बसवणाऱ्या आशिषला फोन लावला.

"काका, लाइट गेली की सोलरपण बंद होतं. नियमच आहे तसा."

"अरे बाबा, लाइट गेलीय, सूर्य नाही गेला! डोक्यावर आहे तो!"

"हो, पण तेव्हा चालायला बॅटरी लागते, ती तुम्हीच नको म्हणालात ना."

विजयरावांचं डोकं पार चक्रावलं. ऊन देवाचं, गच्ची आपली, आणि बंद करणार सरकार? ज्यानं बसवायला लावलं तेच? कपाळ!

कोपऱ्यावरच्या खांबावर लाइनमन चढलेला दिसला, तसे मंजूषाताईंना सांगून ते तरातरा निघाले. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं, घाई करायला लावायची, असं ठरवूनच. पण त्यानंच वरून आधी विचारलं.

"बाबूजी, वो छत वाला सोलर आपका है? बंद है ना? उधर से करंट आ गया तो मैं तो गया."

हात त्याचा तारेवरच होता.

विजयरावांनी त्या हाताकडे पाहिलं. म्हणजे नियम याच्यासाठी? मग हे आशिषनं धड सांगितलं का नाही? आणि घरात मंजूषा आहे तिचं काय? राग नेमका कुणावर काढायचा, काही सुचेना.

"बंद है," ते म्हणाले. आणि पुढचं तोंडातून आपोआपच निघून गेलं, "आराम से करना, बेटा."

आराम से? आपण हे काय बोलून बसलो? शब्द मागे घ्यायला वर पाहिलं, तर तो पोरगा मान खाली घालून तार जोडत होता. विजयराव तसेच घरी आले. सिलिंडरचा काटा आणखी उतरला होता.

मंजूषाताईंनी मास्क जरा बाजूला केला. "घाई कर... म्हणालात ना त्याला?"

विजयरावांनी तिचा हात हातात घेतला आणि मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.