ताडपत्रीखालच्या फळ्या

आमच्या गल्लीतला थोरला सुतार पट्टीचा कारागीर. पण धाकट्या भावाची खिडकी कुणी वाखाणली, की याच्या पोटात दुखायचं. धाकटाही सुतारच. चांगलं लाकूड त्याच्या नजरेस पडू नये म्हणून थोरल्याने निवडक फळ्या घरामागे भिंतीला टेकवून ताडपत्रीखाली लपवल्या होत्या.

झाडांना पालवी फुटली आणि थोरल्याच्या दाराच्या चौकटीतून भुसा गळू लागला. ठोकून पाहिलं तर आवाज पोकळ. काळ्या मुंगळ्यांनी आत घर केलं होतं. धाकट्याकडे मात्र एकही मुंगळा नव्हता, याचाच थोरल्याला जास्त जळफळाट.

शेवटी वहिनीने धाकट्याला बोलावलं. मुंगळ्यांच्या रांगेमागे चालत तो थेट ताडपत्रीपाशी पोचला.

"दादा, या फळ्यांनी ओल धरलीय. मुंगळे इथूनच शिरलेत. आजच हलव, नाहीतर दार हातात येईल."

"म्हणजे तुला न्यायला बऱ्या!"

"कुजलेल्या फळ्यांचं मी काय लोणचं घालू?"

वहिनी फिसकन हसली. थोरल्याने फळीचं एक टोक उचललं, दुसरं धाकट्याने. दुपारपर्यंत भिंत मोकळी झाली.

चळतीतली एकच फळी धड निघाली. धाकट्याने तिच्यावरून कौतुकाने हात फिरवला मात्र, थोरल्याने ती झटकन काखेत मारली.