तपासणी माझ्याकडे आली तेव्हा

त्या माणसाला मी कधी भेटले नाही. तो नौपाड्यात राहतो आणि चष्मा लावतो एवढं ठाऊक होतं. त्यामुळे कामानिमित्त नौपाड्यात गेले की समोरून येणाऱ्या प्रत्येक चष्मेवाल्याकडे मी रागाने बघायचे.

बाबांची दृष्टी गेल्यापासून ते माझ्याकडे कोपरला असतात आणि फोनवर पुस्तकं ऐकतात. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारी ती वेबसाइट फुकट आहे, तिचा कोड सगळ्यांना खुला आहे. कोणीही दुरुस्ती सुचवावी. ती आत घ्यायची की नाही हे मोजके तपासणारे ठरवतात. नौपाड्याचा हा त्यांचा मुख्य. साइटमध्ये एक दोष होता: मध्येच फोन आला की पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर. बाबांची तब्येत विचारायला अख्खं कोकण फोन करतं. बिचारे पहिल्या प्रकरणाच्या पुढे जाईनात.

मी दुरुस्ती लिहून पाठवली आणि गप्प बसले. आमच्याकडची शिकवणच अशी, की मोठ्यांना एकदा सांगावं, मागे टुमणं लावू नये. बाबा विचारायचे, "झालं का गं तुझं?" मी म्हणायचे, "तपासतायत, बाबा." पण तिथला नियम उलटा. बरेच दिवस कोणी काही बोललं नाही, की दुरुस्ती आपोआप बंद होते. माझी तशीच झाली. थोड्याच दिवसांत तीच दुरुस्ती त्याच्या नावावर आत गेली. मी हरकत घेतली तर त्याचं उत्तर आलं, "नव्या लोकांनी जरा संयम शिकावा." हे वाक्य मी विसरले नाही. मला विसरायचंच नव्हतं.

मी चिकटून राहिले. बारीकसारीक कामं केली, लोकांच्या शंका सोडवल्या, सगळ्यांशी गोड बोलले. एवढं गोड मी सासरीही बोलले नव्हते. शेवटी मलाही तपासणाऱ्यांत घेतलं. दरम्यान नोकरीमुळे त्याला वेळ होईना, त्याने मुख्यपद सोडलं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.

मग फोनचं अपडेट आलं आणि साइटचा आवाजच बंद पडला. दुरुस्ती त्यानेच पाठवली, आणि ती तपासायला आली माझ्याकडे. चोख होती, त्याचाही राग आला. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. त्याने एकदा विचारलं, "वेळ मिळाल्यास बघाल का?" मी ते वाचलं आणि चहा ठेवला. तो चहा फार सुरेख झाला होता. नंतर तोही गप्प झाला. आता दुरुस्ती बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते.

त्या दुपारी बाबा मुका फोन मांडीवर घेऊन बसले होते.

"झालं का गं?"

"तपासतायत, बाबा."

"तोच का गं तो, नौपाड्याचा?"

मी त्यांच्या मांडीवरचा फोन उगीचच पदराने पुसून परत ठेवला.

"दुसऱ्याला असं ताटकळत ठेवून काय मिळतं गं अशा माणसाला?"

बाबांना माझा चेहरा दिसत नाही, याचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

मी आत गेले आणि दुरुस्ती मंजूर केली. मंजुरीखाली आभाराची एक ओळ लिहायची तिथे पद्धत आहे. ती मी लिहिली नाही.