चौकटीखालची सूचना

ऑफिसात तिला सगळे टॅबताई म्हणत. हातांना जन्मापासून कंप. माऊस धरला की पडद्यावरचा बाण वारं प्यायलेल्या वासरासारखा उधळायचा, म्हणून ती सगळं कीबोर्डावरच करायची. टॅबचं बटण दाबलं की पुढची ओळ, पुन्हा दाबलं की त्याच्या पुढची. कंपनी घरबसल्या दवाखान्यात नंबर लावायचं सॉफ्टवेअर बनवायची. ते कसं वापरायचं याची पुस्तिकाही पडद्यावरच उघडायची. ज्यांना माऊस धरता येत नाही त्यांना ती वाचता येते का, हे टॅबताईनं बघायचं. तिनं ‘चालेल’ म्हटलं की पुस्तिका बाहेर जायची.

नोकरी मात्र तात्पुरती. यंदा कायम झाली नाही तर सोडायची, असं दादानं घरी ठरवूनच टाकलं होतं. दादा वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. तुला इथे काय कमी आहे, असं तो इतक्या मायेनं विचारायचा की ती ‘काही नाही’ म्हणून मोकळी व्हायची. कमी काहीच नव्हतं. मागची खोली, खिडकीशी पलंग आणि हाक मारली की वहिनी. अख्खा दिवस त्या हाकेच्या टप्प्यात काढायचा, एवढंच. नोकरीआधीची वर्षं तिनं तशीच काढली होती. वहिनीनंही.

“तू जात राहा गं,” सकाळी तिची बटणं लावताना वहिनी पुटपुटायची. “दादाला सांगू नकोस, पण माझाही जीव जरा सुटतो.”

नव्या पुस्तिकेत प्रोग्रॅमरनं शोधायची चौकट बसवली. पान उघडलं की कर्सर थेट त्या चौकटीतच उतरायचा. टॅबताईनं शब्द टाकला, टॅब दाबला. ‘शोधा’चं बटण. पुन्हा दाबला. परत शब्दाची जागा. पुन्हा ‘शोधा’. घाण्याला जुंपल्यासारखी ती फिरत राहिली, बाहेर पडायला वाट म्हणून नव्हती.

प्रोग्रॅमर आला, तिच्या खांद्यावरून हात घालून त्यानं माऊसनं बाहेर क्लिक केलं आणि झालं की, म्हणाला. मग स्वतःच ओशाळला आणि कान पकडून गेला. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र उड्या मारत परत आला. चौकट नव्यानं बांधायला वेळ लागेल, म्हणाला, पण एस्केपचं बटण तीनदा दाबलं की माणूस सुटतं, आणि तशी सूचनाच पुस्तिकेत घातलीय, चांगली ठळक.

“कुठे घातलीस?”

“चौकटीच्या खाली, ताई.”

तिनं त्याच्यासमोर पुन्हा दोनदा टॅब दाबून दाखवला. खाली पोचायचं तर आधी चौकटीतून सुटायला हवं. त्यालाही ते हळूहळू उमगलं असावं, कारण तो डोकं खाजवायला लागला. बाकीचं पान ग्राहकानं, म्हणजे दवाखान्यानं, मंजूर करून टाकलंय, म्हणाला, त्याला हात लावता येत नाही. तळाशी एक ओळ घालायचीच काय ती मुभा.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार हलकेच लोटलं. तिचं कायम होणं त्यांच्याच हातात आहे, शुक्रवारी पुस्तिका गेली की तेही होऊन जाईल, असं त्यांनी आडून नव्हे, सरळच सांगितलं.

“सूचना आहे ना पुस्तिकेत?”

“आहे.”

“मग म्हणा की चालेल.”

टॅबताईच्या डोळ्यांपुढे मागच्या खोलीतला खिडकीशी लावलेला पलंग आला. ओठांवर आलेला होकार तिनं गिळला. 

“माझ्यासारखं कुणी घरी एकटं नंबर लावत बसलं, साहेब, तर ते खालचं वाचणार कसं? नाही चालणार.”

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते विचारात पडले आणि एकाएकी त्यांचा चेहरा खुलला. मदतीचा फोन ठेवू या, म्हणाले. फोनचा नंबर दवाखान्याच्या कागदांवर छापू. अडकेल तो फोन करेल. आणि फोन घ्यायला तुमच्याइतकं जाणतं कोण आहे? कायमची जागाही झाली म्हणायची.

म्हणजे तिच्या नकाराचीच त्यांनी नोकरी करून दिली होती. घेतली तर ती चौकट तशीच राहणार. नाही घेतली तरी तशीच राहणार, आणि शिवाय मागची खोली. ती होकारार्थी मान डोलावून बाहेर आली. ‘फोनची सोय असल्याने चालेल’ असा शेरा साहेबांनीच मारला.

दादानं ती बातमी शेजारच्या प्रत्येक दारी जाऊन सांगितली. वहिनी तिचा हात धरून बसली. अशा हातात हात असताना खरं काय ते सांगायचं कसं?

सोमवारी तिच्या कानांवर हेडफोन चढले. पहिलाच फोन एका बाईचा. मघापासून तिथल्या तिथे फिरतेय हो, मान तेवढी हलते माझी, काडी तोंडात धरून बटणं दाबते, जबडा दुखायला लागला.

“एस्केप तीनदा दाबा.”

पलीकडे टकटक ऐकू आली, मग लांब श्वास.

“सुटले बाई. पण एवढंसं तर होतं. पुस्तिकेत लिहायला काय झालं होतं यांना?”

“लिहिलंय,” टॅबताई म्हणाली. तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला.